‘तोंड’, ‘चेहरा’ आणि ‘प्रमाण’ : दात काढून दात सरळ करण्यासंबंधीच्या वादाची भाषिक चिकित्सा

प्रारंभी या लेखाचे निमित्त सांगणे अवश्य आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे गाव एकमुखी दत्ताच्या यात्रेमुळे आणि दत्तजयंतीच्या सुमारास तेथे भरणाऱ्या घोड्यांच्या बाजारामुळे महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. यात्रेच्या दिवसांत माहेरी गेले असता घरात एका प्रश्नाची चर्चा चालू होती. माझ्या तेरा वर्षांच्या भाचीचे वरचे पटाशीचे दात पुढे आले असून खालच्या दातांची दाटी झाली आहे. दातांना तारा लावण्यापूर्वी वरच्या दोन व खालच्या दोन अशा चार उपदाढा काढाव्या लागतील, असा सल्ला डॉक्टरांनी दिला होता. सोबत क्ष-किरण चित्रावरून घेतलेल्या मापांचा एक इंग्रजी कागद होता. तो वाचून अर्थ सांगावा, म्हणून वहिनींनी तो माझ्या हाती ठेवला.

त्या संध्याकाळी घरात तीन वाक्ये वारंवार उच्चारली गेली. माझ्या आईचे म्हणणे असे की, दात काढले म्हणजे गालफडे बसतात आणि तोंडाचे बोळके होते. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे असे की, अशा चिकित्सेने चेहरा आत खचतो. त्याची चित्रेही त्यांनी पाहिली होती. डॉक्टरांचे वाक्य वहिनींनी सांगितले ते असे : चेहरा प्रमाणात येईल. पहिल्या दोन वाक्यांत भय आहे, तिसऱ्यात आश्वासन आहे. आणि एका मुलीचे चार निरोगी दात राहावयाचे की जावयाचे, हे या तीन वाक्यांपैकी कोणते वजनदार ठरते त्यावर अवलंबून होते.

प्रस्तुत लेखिका दंतवैद्य नाही. तेव्हा दात काढावेत की नाही हा निर्णय देण्याचा अधिकार तिला नाही. परंतु ज्या शब्दांतून असा निर्णय घेतला जातो त्या शब्दांची चिकित्सा करणे हे मात्र भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. ती चिकित्सा केली असता असे दिसून येते की, भयाचे शब्द वार्धक्यावरून उसने आणलेले आहेत आणि आश्वासनाचा शब्द परक्या चेहऱ्यांच्या सरासरीवरून. ज्या चेहऱ्याविषयी बोलावयाचे तो दोन्हीकडून सुटून जातो.

१

मराठीत ‘तोंड’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. घास तोंडात घालतात तेव्हा तोंड म्हणजे मुखविवर. सकाळी तोंड धुतात तेव्हा तोंड म्हणजे चेहरा. ‘तोंड उघडणे’, ‘तोंड येणे’ हे प्रयोग पहिल्या अर्थाचे. ‘तोंड लपवणे’, ‘तोंड दाखवणे’, ‘तोंड फिरवणे’ हे दुसऱ्या अर्थाचे. संस्कृतातील ‘मुख’ या शब्दाचीही हीच स्थिती आहे. जेवणानंतरची ‘मुखशुद्धी’ विवराची असते. कवींचा ‘मुखचंद्र’ चेहऱ्याचा असतो. सारंगखेड्याचा दत्त ‘एकमुखी’ म्हणविला जातो तेव्हा तेथे दुसराच अर्थ विवक्षित आहे, हे सांगावयास नको. ‘तोंड’ हा शब्द ज्या ‘तुण्ड’पासून आला त्याचा अर्थ चोच अथवा प्राण्याचे पुढे आलेले मुस्कट असा आहे, म्हणजे विवर आणि आकृती यांची फारकत मुळातच झालेली नाही. ती फारकत करण्याची सोय मराठीला फारसीतून आलेल्या ‘चेहरा’ या शब्दाने झाली. चेहऱ्यात घास घालता येत नाही.

ही द्व्यर्थता लक्षात घेतली म्हणजे आईच्या भयाला अडाणीपणा म्हणता येत नाही. ज्या भाषेत विवर आणि चेहरा यांना एकच नाव आहे, त्या भाषेत विवरातून काही काढून घेणे म्हणजे चेहऱ्यातून काही काढून घेणे, असे ऐकू येणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, शब्दाने जोडलेल्या या दोन गोष्टी शरीरात तितक्याच घट्ट जोडलेल्या आहेत काय?

क्रियापदांकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘दात पडणे’ हे अकर्तृक आहे. ते लहान मुलाचे किंवा म्हाताऱ्याचे होते. ‘दात पाडणे’ हे त्याचे प्रयोजक रूप मारामारीत वापरले जाते. ‘दात काढणे’ यात कर्ता आणि हेतू दोन्ही आहेत. शिवाय त्याचा दुसरा अर्थ निर्लज्जपणे हसणे असा आहे, हे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. मात्र यांपैकी एकही प्रयोग कोणता दात, किती दात आणि कशासाठी, हे सांगत नाही. उलट ‘बोळके’ आणि ‘गालफडे बसणे’ हे शब्द एका विशिष्ट अवस्थेचे वाचक आहेत : सर्व अथवा बहुतेक दात गेल्यानंतरच्या अवस्थेचे. चार उपदाढांच्या संदर्भात ते वापरले म्हणजे बत्तिसांपैकी अठ्ठावीस दात शिल्लक असलेले तोंड आणि एकही दात नसलेले तोंड यांतील भेद भाषेतून नाहीसा होतो.

सारंगखेड्याच्या बाजारात मात्र हा भेद कोणी नाहीसा होऊ देत नाही. घोडा घेणारा माणूस त्याचा ओठ वर करून दात पाहतो. घोड्याचे दुधाचे पटाशीचे दात साधारणपणे अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडून कायमचे दात येतात, आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. पुढील वय दातांची झीज आणि त्यांचा पुढे झुकत जाणारा कल यांवरून ताडतात. ‘दात आहेत की नाहीत’ असा ढोबळ प्रश्न तेथे निरुपयोगी असतो. कोणता दात, किती झिजला, कोणत्या कोनात उभा आहे, हे विचारावे लागते. घोड्याची पहिली उपदाढ ही तर अनेकदा केवळ अवशेषरूपाने असते, आणि लगामाचे लोखंड तिच्यावर आदळून जनावरास त्रास होतो म्हणून ती पुष्कळदा काढूनही टाकतात. त्याने घोड्याचा चेहरा बसला, असे कोणी म्हणत नाही. अर्थात हा दाखला माणसाच्या उपदाढेस जसाच्या तसा लागू करणे चूक होईल, कारण माणसाची उपदाढ अवशेष नसून कामाचा दात आहे. दाखला एवढ्यासाठीच की, ‘दात काढला’ या वाक्याला ‘कोणता’ आणि ‘कशासाठी’ या दोन पदांवाचून अर्थ पूर्ण येत नाही.

२

आता शरीराकडे वळू. सर्व दात गेलेल्या माणसाचे गाल का बसतात? दातांच्या मुळांना धरून असणारे जबड्याचे हाड दात गेल्यावर हळूहळू झिजते. ओठांचा आणि गालांचा आतील आधार नाहीसा होतो. वरचे व खालचे दात एकमेकांवर टेकून दोन जबड्यांतील जे अंतर राखतात तेही राहत नाही. म्हणून हनुवटी नाकाकडे सरकते आणि चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग आखूड होतो. बोळक्याची संपूर्ण आकृती या तीन कारणांनी सिद्ध होते.

ऑर्थोडॉन्टिक चिकित्सेत काढलेल्या उपदाढेची जागा मोकळी ठेवीत नाहीत. शेजारचे दात तारांच्या साहाय्याने सरकवून ती भरून काढतात, आणि सरकणाऱ्या दाताबरोबर त्याच्याभोवतीचे हाडही नव्याने घडत जाते. दाढा आपल्या जागी एकमेकींवर टेकलेल्या असतात. त्यामुळे बोळक्यास कारण होणाऱ्या तीन गोष्टींपैकी दोन येथे मुळात घडतच नाहीत. चेहऱ्याची उंची कमी होते काय, हा प्रश्न १९९४ साली व त्यानंतरही तपासण्यात आला. पहिल्या उपदाढा काढलेल्या आणि न काढलेल्या रुग्णांत या बाबतीत लक्षणीय अंतर आढळले नाही. हसताना तोंडाच्या कोपऱ्यांत काळी पोकळी दिसू लागते, असाही एक आक्षेप असतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दात काढणे आणि हास्याचे सौंदर्य यांत निश्चित संबंध सापडला नाही. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका न्यायालयात, उपदाढा काढल्यामुळे जबड्याच्या सांध्याचा विकार जडला, असा दावा मान्य होऊन मोठी भरपाई देण्यात आली. त्या निकालाने हादरून या विषयावर पुष्कळ संशोधन झाले, आणि असा कार्यकारणसंबंध त्यातून सिद्ध झाला नाही.

तिसरे कारण मात्र उरते : ओठांचा आधार. पुढचे दात मागे नेले तर ओठही काही अंशी मागे जातात. हा परिणाम खरा आहे, मोजता येतो, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘चेहरा खचतो’ या विधानात जे काही तथ्य आहे ते एवढ्याच ठिकाणी आहे. परंतु ‘खचणे’ हे क्रियापद भिंतीस, जमिनीस किंवा धीरास लावतात. ते आधार निघून कोसळण्याचे वाचक आहे. दोन-तीन मिलिमीटरांच्या सरकण्यास ते लावले म्हणजे वर्णन संपून निर्णय सुरू होतो.

घरातील मंडळींनी पाहिलेल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या चित्रांविषयीही येथेच दोन शब्द सांगावेत. तेरा वर्षांच्या मुलीचे चित्र आणि तिचेच अठराव्या वर्षीचे चित्र यांमध्ये केवळ चिकित्सा घडलेली नसते. नाक वाढलेले असते, हनुवटी वाढलेली असते, बालपणीची गालांवरची चरबी उतरलेली असते. मान किंचित खाली झुकवली किंवा प्रकाश वरून आला तरी गाल खोल दिसतात. ताडावर कावळा बसावा आणि त्याच क्षणी ताडफळ पडावे, हा काकतालीय न्याय आपल्या शास्त्रकारांनी अशाच प्रसंगांसाठी सांगून ठेवला आहे.

३

भयाच्या शब्दांची चिकित्सा येथवर झाली. आता आश्वासनाच्या शब्दाकडे पाहू, कारण तो अधिक प्रतिष्ठित आणि म्हणून अधिक तपासण्याजोगा आहे. ‘चेहरा प्रमाणात येईल’ : कोणाच्या प्रमाणात?

या शास्त्राचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न त्याच्या जन्मापासून त्याच्या मागे लागला आहे. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली दातांच्या विसंगतींचे वर्गीकरण मांडले, ते आजही वापरात आहे. सुंदर चेहऱ्याचा आदर्श म्हणून त्याने प्रथम अपोलो बेल्व्हेडेरे या प्राचीन पुतळ्याची पार्श्वाकृती पुढे केली. नंतर त्याने एडमंड वुअरपेल या चित्रकलेच्या शिक्षकाकडे चेहऱ्याच्या सौंदर्याचे सूत्र मागितले, तेव्हा असे एकच सूत्र असू शकत नाही, हे त्याला ऐकावे लागले. यातून अँगलने काढलेला निष्कर्ष मोठा चमत्कारिक आहे : ज्याचे सर्व दात जागेवर आहेत त्याचा चेहरा त्याच्यापुरता सर्वोत्तम, म्हणून दात कधीही काढू नयेत. कॅल्व्हिन केस याने त्यास विरोध केला आणि १९११ साली या प्रश्नावर एक गाजलेला वाद झाला. पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड हा, दात न काढता सरळ केलेले दात पुन्हा पुढे येतात आणि चेहऱ्यास फुगीरपणा देतात, असे अनुभवून गुरूच्या मताविरुद्ध गेला. त्याने आपल्याच जुन्या रुग्णांवर उपदाढा काढून पुन्हा चिकित्सा केली आणि त्यांचे पुरावे १९४० च्या सुमारास आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडले. ऑस्ट्रेलियातील रेमंड बेग याने १९५४ साली आदिवासींच्या झिजलेल्या दातांचा आधार घेतला. रांगड्या अन्नाने दातांच्या कडा झिजून जी जागा निसर्गतः मिळत असे ती आता मिळत नाही, म्हणून ती दात काढून मिळवावी, असा त्याचा युक्तिवाद होता.

या मतमतांतरांचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला, ते एका आकडेवारीवरून दिसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ऑर्थोडॉन्टिक चिकित्सालयात दात काढून चिकित्सा केलेल्या रुग्णांचे प्रमाण १९५३ साली ३० टक्के होते. १९६८ साली ते ७६ टक्के झाले. आणि १९९३ साली २८ टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत त्या प्रदेशातील लोकांचे जबडे वाढून पुन्हा आकसले, असे कोणी म्हणणार नाही. बदलल्या त्या चिकित्सकांच्या धारणा : दात काढल्याने सरळपणा टिकतो ही आशा आधी बळावली, मग ओसरली, चेहऱ्याविषयीची अभिरुची बदलली, साधने बदलली. दात काढण्यास विरोध करणाऱ्यांच्या बाजूने जे सर्वांत बळकट म्हणणे आहे ते येथे आहे. ज्या काळात चारांपैकी तिघांचे दात काढले गेले त्या काळात अनेकांचे दात गरज नसता काढले गेले असले पाहिजेत. आणि ज्यांचे ओठ मुळातच सपाट होते त्यांचे ते अधिक सपाट झाले असले पाहिजेत. हा आक्षेप मान्य केल्याखेरीज या वादात न्यायाने बोलता येणार नाही.

मापांच्या कागदाविषयीही हेच म्हणावे लागते. कवटीचे क्ष-किरण चित्र ठराविक स्थितीत घेऊन त्यावर कोन व अंतरे मोजण्याची पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी मांडली. १९४८ साली डाउन्स याने जी आदर्श मापे प्रसिद्ध केली ती उत्तम दंतरचना असलेल्या वीस गोऱ्या मुलामुलींवरून घेतलेली होती. रिकेट्स याने नाकाच्या टोकापासून हनुवटीच्या टोकापर्यंत एक रेषा कल्पिली आणि ओठ तिच्या किती मागे असावेत हे सांगितले. ही रेषा सोयीची आहे. परंतु तिची दोन्ही टोके नाक आणि हनुवटी यांवर अवलंबून असल्यामुळे, आखूड नाकाच्या माणसाचे ओठ जागच्या जागी राहूनही ‘पुढे आलेले’ ठरतात. भारतातील पुष्कळ लोकांचे ओठ आणि दात गोऱ्या लोकांच्या तुलनेने थोडे पुढे असतात. महाराष्ट्रातील लोकांच्या मापांचे अभ्यासही झालेले आहेत. असे असता माझ्या हाती आलेल्या कागदावर ‘आदर्श माप’ आणि ‘रुग्णाचे माप’ असे दोन रकाने होते, आणि आदर्श कोणत्या लोकांवरून घेतला याचा कोठेही निर्देश नव्हता.

आपल्याकडील प्रमाणशास्त्र या बाबतीत अधिक सावध होते असे म्हणावयास जागा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमेच्या लक्षणांचा अध्याय आहे. कपाळ, नाक आणि हनुवटीचा भाग यांना प्रत्येकी चार अंगुळे देऊन त्याने मुखाची बारा अंगुळे पूर्ण केली आहेत. चेहऱ्याचे तीन समान भाग करण्याची आजच्या चिकित्सकांची रीत याहून निराळी नाही. परंतु दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे ही अंगुळे ‘स्वतःची’ आहेत. ती त्याच प्रतिमेच्या उंचीतून निघतात, बाहेरून आणलेली नसतात. दुसरी म्हणजे, नग्नजिताने मुखाची लांबी चौदा अंगुळे सांगितली असून ते माप द्राविड आहे, असेही वराहमिहिर लगेच नोंदवतो. प्रमाण सांगताना ते कोणाचे हेही सांगावे, ही शिस्त त्याने पाळली. क्ष-किरणांच्या कागदावर नेमकी तीच पाळलेली नव्हती.

४

दोन्ही बाजूंचे शब्द असे बाजूला ठेवले म्हणजे मूळ प्रश्न साध्या हिशोबावर येतो. पहिली उपदाढ रुंदीने सुमारे सात मिलिमीटर असते. ती काढली म्हणजे त्या बाजूस तेवढी जागा मिळते. ही जागा तीन कामी खर्च होते : दाटीतले दात ओळीत बसवण्यासाठी, पुढचे दात मागे नेण्यासाठी, आणि मागच्या दाढा पुढे सरकल्यामुळे. समजा एका मुलाच्या एका बाजूस पाच मिलिमीटरांची दाटी आहे. तर उरलेल्या दोन मिलिमीटरांतून दाढ थोडी पुढे आली की पुढच्या दातांना मागे जाण्यास जवळजवळ काही उरत नाही आणि ओठ जागच्या जागी राहतो. दुसऱ्या मुलाच्या दातांत दाटी मुळीच नाही, दात केवळ पुढे आहेत, आणि दाढा जागच्या जागी धरून ठेवण्याची योजना केली आहे. तर जवळजवळ सगळी जागा पुढचे दात मागे नेण्यास मिळते आणि ओठ स्पष्टपणे मागे जातो. दोघांच्याही बाबतीत वाक्य एकच असते, ‘चार उपदाढा काढल्या’. परिणाम मात्र भिन्न होतात. म्हणून ‘दात काढल्याने चेहरा असा होतो’ या स्वरूपाचे कोणतेही सामान्य विधान, ते भयाचे असो वा आश्वासनाचे, शास्त्रदृष्ट्या अपूर्णच राहणार.

शिवाय दात जितका मागे जातो तितका ओठ जात नाही. जाड ओठ कमी सरकतो, पातळ ओठ अधिक. २००० साली बोमन आणि जॉन्स्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दात काढून चिकित्सा झालेल्यांची पार्श्वाकृती न काढलेल्यांपेक्षा सरासरीने १.८ मिलिमीटर अधिक सपाट आढळली. ती सुधारली की बिघडली याविषयी दंतवैद्य आणि सामान्य लोक या दोघांचीही मते घेतली असता असे दिसले की, ज्यांचे ओठ आरंभी पुरेसे पुढे होते त्यांना लाभ झाला. ज्यांचे नव्हते त्यांना झाला नाही. हा अभ्यास गोऱ्या अमेरिकन रुग्णांवरचा आहे, म्हणून त्याचे आकडे सारंगखेड्यास लावता येणार नाहीत. परंतु त्याची रचना लावता येईल. परिणाम चांगला की वाईट हे दात काढण्याने ठरत नाही, आरंभ कोठून झाला त्याने ठरते.

५

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्याचे मनात आले ती सांगते. सर्वांचे बोलणे चालले असता भाची माझ्याजवळ बसली होती. तिच्या बोलण्याकडे, व्यवसायाच्या सवयीने, माझे लक्ष गेले. ‘आत्या, आमच्या बाईंनी...’ असे काही ती सांगत होती. ‘आत्या’तला ‘त्य’ स्वच्छ होता. परंतु ‘आमच्या’तला ‘म’ आणि ‘बाई’तला ‘ब’ उच्चारताना तिचे दोन ओठ एकमेकांस भेटत नव्हते. खालचा ओठ वर जाऊन वरच्या दातांच्या कडेवर टेकत होता.

आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी वर्णांची स्थाने सांगताना प-वर्ग ओष्ठ्य आणि वकार दन्तोष्ठ्य असा स्पष्ट भेद केला आहे. या मुलीच्या तोंडी प-वर्ग दन्तोष्ठ्याकडे सरकला होता. कानाला फरक फारच थोडा जाणवतो, कारण जीभ आणि ओठ उपलब्ध जागेत आपला मार्ग काढतात; घरच्यांना तो कधी जाणवलाही नव्हता. दातांची रचना आणि ध्वनी यांचा संबंध भाषाशास्त्रास अपरिचित नाही. चार्ल्स हॉकेट याने १९८५ साली असे सुचवले की, मऊ शिजवलेले अन्न खाणाऱ्या समाजांत वरचे दात खालच्या दातांपुढे राहतात आणि म्हणून दन्तोष्ठ्य ध्वनी सुलभ होतात. २०१९ साली ब्लासी व त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या कल्पनेच्या पुष्टीसाठी विस्तृत पुरावा मांडला. त्यावर वाद आहेत, आणि एका मुलीच्या उच्चारावरून त्यांचा निवाडा होणार नाही. येथे त्याचे प्रयोजन एवढेच की, दातांची स्थिती दिसण्यापुरती नसते, वापरण्याचीही असते.

मी तिला विचारले, ओठ मिटायला त्रास होतो का? ती म्हणाली, मिटतात, पण मिटून धरावे लागतात; लक्ष दुसरीकडे गेले की उघडतात. तिने मिटून दाखवले तेव्हा हनुवटीचे कातडे ताणले जाऊन त्यावर बारीक खळगे पडले. ओठ सहजपणे न मिटणे हे, दात मागे न्यावेत की नाहीत हे ठरवताना, चिकित्सकांच्या दृष्टीने महत्त्वाचे लक्षण असते. घरात चाललेल्या चर्चेत त्याचा उल्लेख कोणीच केला नव्हता. भय बाळगणारे आणि आश्वासन देणारे दोघेही ‘चेहरा कसा दिसेल’ याविषयी बोलत होते. जिचा चेहरा होता ती ‘ओठ मिटत नाहीत’ हे सांगण्यासाठी कोणी विचारण्याची वाट पाहत होती.

याचा अर्थ तिचे दात काढलेच पाहिजेत असा नव्हे, किंवा ते काढल्याने तिचा ‘म’ सुधारेल असाही नव्हे. तशी प्रतिज्ञा करण्यास मजजवळ आधार नाही. अर्थ एवढाच की, विचारावयाचे प्रश्न निराळे होते. ते मी वहिनींना मराठीत लिहून दिले. दाटी प्रत्येक बाजूस किती मिलिमीटर आहे? ती सोडवून उरलेली जागा कशासाठी वापरणार? ओठ आता कोठे आहेत, आणि ते किती मागे जातील अशी अपेक्षा आहे? नाक आणि हनुवटी यांची वाढ अजून किती व्हावयाची आहे, आणि त्या वाढीनंतर हेच ओठ कसे दिसतील? दात न काढता, जबड्याची कमान रुंदावून किंवा दाढा मागे नेऊन हे साधेल काय. नसल्यास का नाही? आणि कागदावरील आदर्श मापे कोणत्या लोकांची आहेत?

वहिनी मुलीला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी दातांचा प्लास्टरचा साचा पुढे ठेवून एकेका प्रश्नाचे उत्तर दिले, आणि शेवटच्या प्रश्नावर मोकळेपणाने सांगितले की, तो रकाना यंत्राने आपोआप भरला जातो, आपण त्यावर विसंबत नाही. मग तो कागद घरी का दिला, हा प्रश्न उरतोच. निर्णय अद्याप झालेला नाही. एक वर्ष वाढ पाहून पुन्हा मापे घ्यावीत, असे ठरले आहे. आईचे मत बदललेले नाही. परंतु ‘बोळके’ हा शब्द ती आता वापरत नाही. ‘ओठ किती आत जाईल?’ असे विचारते. हा बदल लहान नाही, कारण या प्रश्नाचे उत्तर मिलिमीटरांत देता येते.

६

समारोपादाखल एक-दोन गोष्टी विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ठेवते. वैद्यकीय संमतीची भाषा हा मराठीत जवळजवळ अस्पर्शित असा विषय आहे. रुग्णाची संमती घेतली असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणत्या वाक्यास दिली हे पाहिले जात नाही. ‘दात काढावे लागतील’ आणि ‘सात मिलिमीटर जागा करावी लागेल, त्यातील पाच दाटीत जातील’ ही दोन वाक्ये एकाच क्रियेची असली तरी त्यांना दिलेल्या संमती एक नव्हेत. आपल्या जिल्ह्यांत अहिराणी, गुजर आणि भिल्ल बोली बोलणाऱ्या घरांत तोंड, दात, जबडा, ओठ यांविषयी कोणते शब्द व कोणते वाक्प्रचार चालतात, ‘तोंड’ आणि ‘चेहरा’ यांचा भेद कोठे केला जातो आणि कोठे नाही, हे क्षेत्रीय पाहणीने नोंदवले तर केवळ शब्दसंग्रह होणार नाही. चिकित्सालयाच्या दारात होणाऱ्या गैरसमजांचे कारणही हाती लागेल.

‘प्रमाण’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : माप आणि पुरावा. मापाच्या अर्थाने तो वापरला तर ते माप कोणाचे, हे सांगितले पाहिजे. पुराव्याच्या अर्थाने वापरला तर पुरावा पुढे ठेवला पाहिजे. दात काढण्याच्या वादात दोन्ही पक्ष हा शब्द, किंवा त्याच्या जागी एखादे भेदक क्रियापद, यांपैकी काहीही न करता वापरतात, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप आहे. तो दूर झाला तर दात काढण्याचा निर्णय सोपा होईल असे नाही; परंतु जिचे दात आहेत तिच्याविषयी तो घेतला जाईल.